एकशे चार टक्क्यांचा माणूस

ताईच्या शेजारच्या वहिनींचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. मुलुंडहून इतक्या सकाळी फोन म्हणजे ताईचंच काहीतरी असणार, हे मी गेली दोन वर्षं गृहीत धरून होतो. म्हणून त्या काही बोलायच्या आतच मी विचारलं, "ऑक्सिजनचं मशीन चालू आहे ना? लाइट गेलीय का?" त्या म्हणाल्या, "ताई बऱ्या आहेत हो. दत्ताभाऊ गेले." मी अर्धी दाढी तशीच ठेवून पलंगावर बसलो. बायकोनं विचारलं, कोण? मी म्हणालो, भावोजी. तिलाही आधी ते पटलं नाही. गॅलरीत कबुतरांना दाणे टाकता टाकता खाली बसले आणि बसल्या जागी गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. फुप्फुसं मात्र शेवटपर्यंत ठणठणीत असणार, याबद्दल मला शंका नाही. त्यांचा रिपोर्ट मी पाहिलेला आहे.

मला आधी दुःख झालं नाही. हा माणूस सुटला, असं मनात आलं, आणि ते चांगल्या अर्थानं आलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं हा रिवाज सोसायटीच्या शोकसभेत सगळ्यांनी पाळला. मी तिथं गप्प बसलो. इथं लिहायचं ठरवलं तेव्हा आधी ताईला विचारलं. ती म्हणाली, "लिही. पण सगळं लिही. अर्धं लिहू नकोस." म्हणून सुरुवात चांगल्यापासून करतो.

दत्ताराम भावोजी मालवणकडचे. वडील गिरणीत. स्वतः कबड्डीचे खेळाडू, पुढे पोरांना तयार करणारे, आणि खेळाच्या जोरावर त्यांना एका सरकारी कंपनीत नोकरी लागलेली. चढाईला गेले की 'कबड्डी कबड्डी' असा दम घुमवत समोरच्या अंगणात इतका वेळ फिरायचे की समोरचे सातजण कंटाळून चूक करत, असं त्यांचे जुने सोबती अजून सांगतात. ताईशी त्यांचं लग्न झालं तेव्हा मी शाळेत होतो. पुढच्याच वर्षी आमची आई गेली आणि मी घाटकोपरला त्यांच्या एका खोलीत राहायला गेलो. तीन वर्षं राहिलो. मेव्हणा घरात ठेवून घेतल्याचं त्यांनी कधी तोंडावर आणलं नाही. मला टायफॉइड झाला तेव्हा पाठीवर घेऊन चार जिने उतरले आणि चढले, आणि वर आल्यावर त्यांचा श्वाससुद्धा वाढला नव्हता. मला मैदानावर न्यायचे. माझ्याकडे दम नव्हता. ते म्हणायचे, "विजू, तुझो दम डोक्यात हा. छातीत उतरव मेल्या." मी पुढे वजनकाटे तपासण्याच्या धंद्यात गेलो, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यांनाच झाला. आमचो विजू काट्यातलो माणूस, असं कुणालाही सांगायचे. हे सगळं खरं आहे आणि मी ते विसरलेलो नाही.

कबुतरांचं सुरू झालं ते त्यांच्या आईनंतर. तोपर्यंत ते मुलुंडला सहाव्या मजल्यावर राहायला गेले होते. दहाव्याच्या दिवशी पिंडाला कावळा शिवेना. भटजी थांबले, नातेवाईक उन्हात ताटकळले, भावोजींनी मनातली आणि मनात नसलेली सगळी वचनं आईला देऊन झाली. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे घरी आले. भावोजींनी गॅलरीच्या कठड्यावर पुन्हा भाताचा घास ठेवला. कावळा नाहीच आला. एक कबुतर आलं आणि त्यानं तो घास खाल्ला. त्या दिवसापासून भावोजींच्या घरी सकाळी चहाच्या आधी कबुतरांना ज्वारी. पहिल्या वर्षी पाच-सहा असतील, मग कठडा दिसेनासा झाला. गॅलरीतल्या दोरीवरचे कपडे पुन्हा धुवावे लागायचे. गॅलरी झाडायची ताई. ती सुकलेली विष्ठा खराट्यानं खरवडायची, पिसं गोळा करायची, आणि नाकाला पदर लावायची, तोही कधीतरी आठवलं तर.

पुढे तिला खोकला लागला आणि दोन वर्षांत तो वाढत गेला. मुलुंड स्टेशनचा पूल चढताना ती मधे थांबून उगाच पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. मला ते कळलं, कारण तिला पर्समध्ये काही शोधायची सवय नाही. मी तिला डॉक्टरांकडे नेलं. आधी फुंकण्याची चाचणी झाली, जी दम्यासाठी करतात. त्यात फार काही निघालं नाही. भावोजी बाहेर बाकावर बसले होते, ते म्हणाले, "सांगितलेलं ना, वयाचा दम हा." पण छातीच्या डॉक्टर बाईंचं समाधान झालं नव्हतं. त्यांनी दुसरी चाचणी लिहून दिली. मी विचारलं, यात वेगळं काय मोजता? त्यांनी एका वाक्यात सांगितलं, ते मला कायमचं लक्षात राहिलं. भाता केवढा आहे आणि किती जोरात चालतो हे आधीच्या चाचणीत कळलं. आता भात्यात आलेली हवा रक्तात किती उतरते, ते बघायचं.

घाटकोपरच्या एका सेंटरमध्ये ही चाचणी होते. नाकाला चिमटा, तोंडात नळी. आधी छाती पूर्ण रिकामी करायची, मग नळीतून एका झटक्यात भरून घ्यायची, दहा सेकंद धरायची आणि मग सोडायची. त्या हवेत कार्बन मोनॉक्साइड नावापुरता मिसळलेला असतो. हे ऐकून भावोजी उठून उभे राहिले, "विष पाजतात काय?" टेक्निशियन मुलीला हा प्रश्न रोजचा असावा. तो वायू रक्ताला चटकन चिकटतो, म्हणूनच तो घेतात, आणि इतका थोडा असतो की काही होत नाही, असं तिनं सांगितलं. आत किती गेला, बाहेर किती आला, मधे किती मुरला, याचा हिशोब मशीन करतं. मग त्या वयाच्या आणि उंचीच्या निरोगी बाईशी ताडून टक्के काढतं. ताईचे अठ्ठावन्न आले. रिपोर्ट, सीटी स्कॅन आणि रक्ताची एक तपासणी समोर ठेवून डॉक्टर बाईंनी आजाराचं नाव सांगायच्या आधी एक प्रश्न विचारला. "घरात कबुतरं येतात का?"

ताईनं भावोजींकडे पाहिलं. भावोजी छताकडे पाहत होते.

डॉक्टर बाईंनी काही आडपडदा ठेवला नाही. कबुतरांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ ताईच्या फुप्फुसांना सोसत नाही, त्यांना सूज येते आणि हळूहळू व्रण धरतात. औषध देऊ, पण ती धूळ बंद झाल्याशिवाय औषधाचा उपयोग नाही. यावर भावोजी म्हणाले, "मी दहा वर्षं दाणे टाकतंय. माका काय झाला? माझी पण काढा टेस्ट." बाई म्हणाल्या, गरज नाही. भावोजी हट्टाला पेटले. मग काढली. पहिल्या वेळी हवा धरून ठेवायची होती तिथं हा जुना खेळाडू ओठांच्या कोपऱ्यातून 'कबड्डी कबड्डी' घुमवू लागला. आयुष्यभराची सवय, दम धरला की तोंड चालणारच. हवा गळली, चाचणी वाया गेली. ती मुलगी हसली, ताई हसली, मीसुद्धा हसलो. दुसऱ्या वेळी त्यांनी ओठ मिटून दम धरला. एकशे चार टक्के. त्या वयात.

डॉक्टर बाईंनी तेव्हाच सांगितलं होतं की एकाच घरात, एकाच हवेत एकाला काही होत नाही आणि दुसऱ्याची छाती निकामी होते. तुम्ही ठीक आहात म्हणून त्या ठीक आहेत असं होत नाही. यातलं 'तुम्ही ठीक आहात' एवढंच भावोजींनी घरी नेलं. रिपोर्टला प्लॅस्टिकचं कव्हर घातलं आणि गॅलरीच्या दाराला आतून चिकटवला. सोसायटीची कमिटी दाणे बंद करा म्हणून सांगायला आली की तो दाखवायचे. "ह्यो बघा. एकशे चार. कबुतरान माणूस मरता म्हणे." चेअरमन आधीच त्यांच्या आवाजाला घाबरून असायचा. आकड्यापुढे तर तो गारच झाला. मी उभा जन्म मापांत काढला आहे. बरोबर आकड्याचा इतका खोटा वापर मी दुसरा पाहिलेला नाही.

पण याहून वाईट पुढे झालं, आणि वाईट अशासाठी की ते प्रेमानं झालं. भावोजींच्या डोक्यात बसलं की सुनंदा, म्हणजे आमची ताई, दम नीट धरत नाही, म्हणून तिचे टक्के कमी. तयारी केली की टक्के वाढतील. पोरांना तयार करून ज्यानं मैदानं मारली, त्याला दुसरं काही सुचणं अवघडच होतं. एका रविवारी मी गेलो तर ताई गाऊनवर ओढणी घेऊन गॅलरीत उभी, समोर भावोजी, गळ्यात पंचाची शिट्टी. "घे... धर..." मग शिट्टी. "सोड." प्रत्येक शिट्टीसरशी कबुतरांचा थवा फडफडून उठायचा, पिसं आणि धूळ उन्हात तरंगायची, आणि पुढच्या 'घे'ला ताई तीच हवा तळापर्यंत ओढून घ्यायची. मला पाहून ती म्हणाली, "काय रे, आता मला नॅशनलला पाठवतायत हे." मी म्हणालो, "भावोजी, निदान आत हॉलमध्ये करा." ते म्हणाले, "आतली हवा पंख्याची, मेलेली. दम मोकळ्या हवेत वाढतो." आणि तिच्याकडे वळून, "खांदे खाली. खांदे वर घेतलेस की दम गळ्यात अडकतो." रोज सकाळी, दाणे टाकून झाले की हे चालायचं. चार महिने.

दुसऱ्या चाचणीला ताईनं दम असा धरला की ती मुलगी बघत राहिली. एक्कावन्न आले. तिथंच पॅसेजमध्ये भावोजींनी मला धरलं. "मशीन बिघडलंय. तू काट्यातला माणूस, तूच सांग."

"मशीन रोज सकाळी तपासतात, भावोजी. तीन लिटरची सिरिंज लावून हवा ढकलतात आणि मशीन तेवढीच दाखवतं का बघतात. आज मी लवकर येऊन समोर उभं राहून पाहिलंय."

"मग हिनंच धरला नसेल नीट."

"तिनं तुमच्यापेक्षा नीट धरला. हवा आत जातेय. रक्तात उतरत नाहीये. दम कितीही वाढवा, दार बंद असलं तर काय उपयोग? दाणे बंद करा."

ते अगदी हळू म्हणाले, "तुला पाठीवर घेऊन जिने चढलो तेव्हा मी हिशोब नव्हता मागितला रे." टायफॉइडमधल्या पोराला उचलण्याचा आणि बायकोला श्वासाला महाग करण्याचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे त्यांनाही कळत असणार. कळत होतं म्हणूनच ते हळू बोलले.

मी ताईला कांदिवलीला माझ्याकडे घेऊन आलो. आमच्या खिडक्यांना जाळ्या आहेत. औषधं चालू झाली. दोन महिन्यांत तिचा रात्रीचा खोकला गेला, आणि ती माझ्या बायकोबरोबर बाजारात जाऊ लागली. तिसऱ्या चाचणीत चोपन्न आले. तीन टक्के ही काही मोठी वाढ नाही, इतका फरक मोजमापातही पडू शकतो हे मला कळतं. पण आकडा घसरायचा थांबला होता. मी डॉक्टर बाईंच्या केबिनबाहेर उभं राहून बायकोला फोन केला आणि आकडा दोनदा सांगितला.

मग एका संध्याकाळी भावोजी दारात. हातात मालवणी खाज्याचं पुडकं. गुडघा दुखत होता, लंगडत आले होते. घरात काही करून खात नसावेत, गाल बसले होते. म्हणाले, "पाहुणचार पुरे. चल गो घरी. जाळी लावलीय." मी म्हणालो, आधी बघून येतो. दुसऱ्या दिवशी गेलो. खरोखर गॅलरीला वरपासून खालपर्यंत जाळी होती, कठडा घासलेला, दोरीवर स्वच्छ कपडे. मी जाळी हातानं ओढून तपासली. ताई घरी परत गेली.

मी जाळी ओढून पाहिली ती डावीकडून. उजव्या कोपऱ्यात वॉशिंग मशीन होतं. पुढच्या चाचणीत त्रेचाळीस आले तेव्हा मी मुलुंडला जाऊन ते मशीन सरकवलं. त्याच्यामागे जाळीला मनगट जाईल एवढं भोक होतं. कडा नायलॉनच्या दोऱ्यानं नीट शिवलेल्या, उसवू नयेत म्हणून. बाहेरच्या लोखंडी पट्टीवर ज्वारी. कबुतरं जाळीच्या त्या बाजूला, धूळ या बाजूला. भावोजी खाली गेले होते. मी ताईला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, "दोरा मीच ओवून दिला." मी ओरडलो असेन. तिनं मला ओरडू दिलं, मग म्हणाली, "त्यांची आई उपाशी राहिली असती रे त्यांच्या लेखी. तू आकड्यांतून बघतोस. मी रोज सकाळी त्यांचं तोंड बघते."

मी तिच्याशीही महिनाभर बोललो नाही. त्यानंतर पावसाळ्यात तिला न्यूमोनिया झाला आणि घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. दाणे चालूच. भावोजी रात्री उठून तिच्या नळीचा पीळ सरळ करायचे, तिचे पाय दाबायचे, आणि सकाळी भोकातून हात बाहेर काढायचे. माणूस एकाच हातानं ही दोन्ही कामं कसा करतो, याचा हिशोब मला आजवर लागलेला नाही.

शोकसभा सोसायटीच्या हॉलमध्ये झाली. फोटोपुढे शिट्टी आणि ज्वारीनं भरलेलं ताट. मुक्या जीवांचा अन्नदाता, असं चेअरमनच म्हणाला, ज्यानं तीन नोटिसा काढल्या होत्या. शेवटी कुणीतरी सुचवलं, सगळ्यांनी एकेक मूठ घेऊन गच्चीवर जाऊया, दत्ताभाऊंना तीच श्रद्धांजली. लोक उठले, ताटातली ज्वारी सळसळली. ताई पहिल्या रांगेत छोटं सिलिंडर मांडीशी घेऊन बसली होती, तिला खोकला आला. कुणीतरी तिच्यापुढेही ताट धरलं. मी ते ताट घेतलं, खिडकी बंद असल्याची खात्री केली आणि ज्वारी कचऱ्याच्या डब्यात ओतली. बरेच लोक माझ्याशी त्यानंतर बोललेले नाहीत. ठीक आहे.

मागच्या आठवड्यात ताईची चाचणी होती. आधी थोडा वेळ ऑक्सिजनची नळी काढून बसावं लागतं, ते तिला जड जातं. ती डोळे मिटून बसली. मग चिमटा, नळी, आणि तिनं दम धरला. खांदे खाली. ओठ घट्ट. चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही. विश्रांती घेऊन दुसऱ्यांदा, पुन्हा तसाच. ती मुलगी म्हणाली, "काकी, इतकं परफेक्ट कुणी करत नाही. कुठे शिकलात?" ताईनं आधी श्वास मिळवला, मग म्हणाली, "आमच्या ह्यांनी शिकवलं."

सदतीस. दोन्ही वेळचे आकडे एकमेकांना चिकटून. एरवी अशा रुग्णाचा आकडा कमी आला की निदान म्हणता येतं, दम पुरला नसेल, हवा गळली असेल, पुन्हा करून बघू. आम्हाला तेही म्हणता आलं नाही. भावोजींनी तिला इतकं तयार केलं होतं की तिचा आकडा आता कुणालाच खोटा ठरवता येणार नाही.

मी सध्या मुलुंडलाच मुक्कामाला आहे. घरी आणून तिला बसवलं आणि मी गॅलरी आवरायला घेतली. जाळीचं भोक मी तेराव्यानंतर लगेच तारेनं बंद केलं होतं. आता दाण्याचा डबा काढला, एकशे चारचा रिपोर्ट दारावरून खरवडून काढला. खिळ्याला ती शिट्टी होती, शोकसभेनंतर कुणीतरी परत आणून अडकवलेली. मी तीही काढली.

"ती राहू दे," ताई आतून म्हणाली.

"कशाला? याच शिट्टीवर तुला गॅलरीत उभं करून..."

"ती कबुतरांची नव्हती," ती म्हणाली. "ती माझी आहे. लाव परत."

मी लावली. पलंगापासून बाथरूमपर्यंत ताईला सध्या दोनदा थांबावं लागतं. उठायच्या आधी ती खिळ्याकडे बघते, खांदे खाली घेते आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत निघते. जवळ असलं की ऐकू येतं. घे... धर... सोड. मी मागून नळीचा पीळ सरळ करत चालतो. बाहेर जाळीला लागून कबुतरं बसलेली असतात, बंद केलेल्या भोकाशी मान वाकडी करून आत बघत.